ते... आपलं... काय म्हणतात त्याला?

ऐन वेळी शब्द दगा देतो, तेव्हा तो मेंदूत नेमका कुठे अडकलेला असतो? ऑपरेशन टेबलवर, विजेच्या हलक्या प्रवाहाने, डॉक्टर त्याचा छडा लावतात. आणि त्या वेळी पेशंट चक्क टक्क जागा असतो!

सोमवार सकाळ. कॉन्फरन्स रूम. तुम्ही एकदम फॉर्मात. बॉस खूश, क्लायंट मान डोलावतोय. तेवढ्यात हँडआउट फाइल करायचे म्हणून तुम्ही शेजारच्याला म्हणता, "अरे, ते दे ना... ते आपलं... काय म्हणतात त्याला..." आणि पुढे ठणठणाट! वस्तू डोळ्यांसमोर दिसतेय, कागदाला भोकं पाडतानाचा तो 'खट्' आवाजही ऐकू येतोय. नाव 'प'वरून आहे, हेसुद्धा जाणवतंय. हात हवेत फिरतात, चुटक्या वाजतात. शेवटी शेजारचा दया येऊन म्हणतो, "पंच?" "हां! तेच ते!"

सगळे हसतात, तुम्हीही हसता. पण जरा विचार करा. वस्तू माहीत होती. तिचा उपयोग माहीत होता. तोंडाचा पट्टा तर चालूच होता. मग गायब झालं ते काय? फक्त नाव. म्हणजे आपण ज्याला 'एक शब्द' म्हणतो तो एकसंध नसणार. अर्थ एकीकडे, त्याचा ध्वनी दुसरीकडे आणि जिभेला-ओठांना हुकूम सोडणारं खातं तिसरीकडे, अशी काहीतरी आतली व्यवस्था असणार.

हे नुसतं तर्काने म्हणायची गरज नाही. जगभरातल्या ऑपरेशन थिएटर्समध्ये हाच ठणठणाट मुद्दाम, दोन-चार सेकंदांपुरता घडवून आणला जातो. तिथे कुणी हसत नाही, कारण डाव मोठा असतो. पेशंट ऑपरेशननंतर बोलू शकणार की नाही, हे त्यावर ठरतं.

टेबलावरची तोंडी परीक्षा

समजा, एखाद्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ आहे. बहुतेकांची भाषा मुख्यतः याच बाजूला वसलेली असते. गाठ काढायला हवी, जितकी जास्त निघेल तितकं बरं. पण सर्जनची पंचाईत अशी, की मेंदूवर पाट्या लावलेल्या नसतात. 'येथे क्रियापदे मिळतील' असा बोर्ड कुठेच नाही! वरून पाहिलं तर सगळा भाग सारखाच दिसतो. नको तिथे चिमटा लागला, तर गाठ जाईल आणि तिच्याबरोबर बोलणंही जाईल.

उपाय एकच. पेशंटलाच विचारायचं. त्यासाठी तो जागा हवा.

ऐकून अंगावर काटा येतो ना? पण मेंदूच्या पेशीसमूहाला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखतं ते डोक्याच्या कातडीला आणि मेंदूवरच्या आवरणाला, आणि ते भाग इंजेक्शनने बधिर करता येतात. अनेक ठिकाणी कवटी उघडेपर्यंत पेशंटला झोपवून ठेवतात आणि मग हळूच जागं करतात. समोर स्क्रीन. त्यावर एकामागून एक साधी चित्रं. घोडा, छत्री, खुर्ची.

"काय काका, हे काय आहे?"

"हे आहे... घोडा."

ते 'हे आहे' उगाच म्हणायला लावत नाहीत बरं का. त्यातच खरी मेख आहे. ती पुढे कळेल.

सर्जनच्या हातात पेनासारखं एक उपकरण असतं. त्याला दोन बारीक टोकं, दोहोंमध्ये साधारण पाच मिलिमीटर अंतर. ती टोकं मेंदूच्या पृष्ठभागाला अलगद टेकवायची आणि काही मिलीअँपिअरचा प्रवाह फार तर चार-एक सेकंद सोडायचा. मोबाइलच्या साध्या चार्जरमधून एक अँपिअर, म्हणजे हजार मिलीअँपिअर येतात. त्यावरून अंदाज करा. प्रवाह कधी चालू आणि कधी बंद, हे पेशंटला सांगत नाहीत. तो आपला चित्रं ओळखत राहतो.

आणि मग एका ठिकाणी, "हे आहे... हे आहे..." गाडी अडते. प्रवाह बंद. "...छत्री!"

इथे 'हे आहे' नीट उमटलं, म्हणजे जीभ ठीक, आवाज ठीक. अडलं ते फक्त नाव. दुसऱ्या एखाद्या जागी टोक टेकवलं, की 'हे आहे' पण बंद, एक ते दहा आकडे मोजणंही मध्येच थांबतं. तिथे उच्चाराचाच गाडा अडला. आणखी एखाद्या जागी बोलणं ठीक, पण समोरचं वाचता येईना! एकाच जागेची साधारण तीनदा परीक्षा घेतात. पुन्हा पुन्हा तीच चूक झाली, तर तिथे एक चिमुकली नंबराची चिठ्ठी ठेवली जाते. या जागेला हात लावायचा नाही. बरेच सर्जन तिच्या भोवतीचा एक सेंटिमीटर भागही सोडून देतात.

तासाभरात त्या एका माणसाचा, त्याच्या स्वतःच्या भाषेचा नकाशा तयार!

कुत्रा, एक अभागी बाई आणि फुलपाखरू

ही युक्ती सुचायला बराच काळ जावा लागला. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांच्याकडे एक पेशंट आला. त्याच्या तोंडून 'तां' एवढाच अर्थहीन शब्द निघायचा. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा दिसली. पुढे १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट तऱ्हेच्या पेशंटचं वर्णन केलं. ही माणसं घडाघडा बोलायची, पण त्यातून नीट अर्थ लागत नसे आणि समोरच्याचं बोलणंही त्यांना उमगत नसे. त्यांची इजा बरीच मागे, कानाच्या बाजूला होती. दोन्ही शोध भारीच. पण पद्धत काय, तर आधी आजाराची वाट बघा, मग पेशंट जाण्याची!

दरम्यान, १८७० मध्ये गुस्ताव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या बर्लिनच्या जोडीने कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका प्रवाह दिला. विरुद्ध बाजूचे पाय हलले. मेंदूला वीज 'कळते', हे सिद्ध झालं. मग माणसावर प्रयोग करायचा मोह कुणाला तरी होणारच होता.

तो झाला अमेरिकेत सिनसिनाटीच्या रॉबर्ट्स बार्थोलो यांना, १८७४ मध्ये. त्यांच्या एका पेशंट बाईच्या डोक्यावरच्या व्रणाने कवटी खाऊन टाकली होती आणि मेंदू उघडा पडला होता. बार्थोलोंनी त्यात सुया घालून प्रवाह दिला. हात-पाय आखडले. त्यांनी प्रवाह वाढवला. तिला झटके आले, शुद्ध हरपली, आणि काही दिवसांतच ती वारली. उपचार म्हणून यातलं काहीच नव्हतं. होतं ते निव्वळ कुतूहल. डॉक्टरांच्या जगातच मोठी बोंब झाली आणि बार्थोलोंना जाहीर खेद व्यक्त करावा लागला. त्या बाईला मात्र त्याचा काय उपयोग?

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगायची, की पुढचं सगळं काम तिच्या नेमकं उलट पायावर उभं राहिलं. आधी पेशंटचा फायदा, ज्ञान मिळालं तर ते वर.

या पायावरचं मोठं नाव म्हणजे वाइल्डर पेनफिल्ड. १९३४ मध्ये मॉन्ट्रियलची न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी करणारा हा सर्जन. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सच्या पेशंट्सवर तो जागेपणी ऑपरेशन करायचा आणि कुठलाही भाग कापण्याआधी त्याला विजेने 'विचारून' घ्यायचा. नंबरांच्या चिठ्ठ्या त्याच्याच काळात गाजल्या.

त्याने नोंदवलेला एक किस्सा तर आपल्या सोमवारच्या मीटिंगचा जुळा भाऊच. पेशंटला फुलपाखराचं चित्र दाखवलं. प्रवाह चालू. पेशंट गप्प. वैतागून चुटक्या वाजवायला लागला! प्रवाह बंद झाल्यावर त्याने सांगितलं, की 'फुलपाखरू' हा शब्द येईना, म्हणून त्याने दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाचं नाव आठवून पाहिलं. तेही मिळालं नाही.

बघा म्हणजे! समोर काय आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या जवळचा दुसरा प्राणी कोणता, हेही सुचलं. अर्थाचं दुकान उघडंच होतं, नावांच्या काउंटरवर तेवढं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट पेनफिल्डच्या लक्षात आली. काही जागी प्रवाह दिला, की पेशंटच्या तोंडून लांबलचक 'आऽऽ' निघायचा. काहींना जुनी गाणी, ओळखीचे आवाज ऐकू यायचे. पण विजेच्या जोरावर एकाही पेशंटच्या तोंडून अर्थ असलेला शब्द निघाला नाही. वीज शब्द हिरावून घेऊ शकायची, देऊ कधीच शकली नाही.

का? पेटी वाजवणाऱ्याला विचारा. सगळ्या पट्ट्यांवर तळहात दाबून ठेवला, तर आवाज निघेल, पण चाल निघणार नाही. शब्द बोलायचा तर असंख्य पेशींनी नेमक्या क्रमाने, नेमक्या क्षणी काम करायला हवं. बाहेरून आलेला प्रवाह त्या क्रमात सरसकट खडखडाट करतो. म्हणून घडत काही नाही, बिघडतं मात्र. आणि नेमकं काय बिघडलं, यावरून तिथे काय चालू होतं, हे कळतं.

तुमचा नकाशा वेगळा, माझा वेगळा

शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवतंय? डावीकडे पुढे 'ब्रोकाचा भाग', मागे 'वेर्निकेचा भाग', दोन रंग, संपला विषय. सिअॅटलच्या जॉर्ज ओजेमन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ११७ पेशंट्सचे विजेने काढलेले नकाशे एकत्र मांडले आणि हे चित्र पार विस्कटलं. नाव घेण्यासाठी अत्यावश्यक अशा जागा बऱ्याचदा एक-दोन चौरस सेंटिमीटर एवढ्याच निघाल्या, म्हणजे पोस्टाच्या तिकिटापेक्षाही लहान. आणि त्या कुठे असतील, हे माणसागणिक वेगळं! पुस्तकातल्या चित्रावर विसंबून कुणाचाही मेंदू कापणं म्हणजे मुंबईचा नकाशा घेऊन पुण्यात पत्ता शोधण्यासारखं.

याचा फायदा किती? सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमने २००८ मध्ये २५० पेशंट्सचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या ५८ टक्के लोकांत उघड्या पडलेल्या भागात बोलणं थांबवणारी किमान एक जागा सापडली. सहा महिन्यांनी हयात असलेल्या २४३ जणांपैकी फक्त चौघांच्या भाषेत कायमची कसर राहिली. दीड टक्क्याच्या आसपास! मेंदूच्या ऑपरेशनच्या मानाने हा आकडा सॉलिड दिलासा देणारा आहे.

फ्रान्समध्ये माँपेलिएचे सर्जन ह्यूग द्युफो आणखी खोल गेले. त्यांनी पृष्ठभागाखालच्या 'वायरिंग'लाही, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांनाही प्रवाह देऊन पाहिला. आणि चुका दोन जातींत विभागल्या गेल्या. मराठीत उदाहरण घ्यायचं तर खालच्या बाजूने जाणाऱ्या एका जुडग्याला प्रवाह दिला, की पेशंट 'छत्री'ला 'रेनकोट' म्हणेल. अर्थ शेजारच्या घरात घुसला! वरून कमानीसारख्या वळणाऱ्या जुडग्याला दिला, की 'छत्री'ची 'छरती' होईल. अर्थ जागेवर, ध्वनींची अदलाबदल. तिसरीच एक जागा अशी, की तिथे प्रवाह दिला तर चित्र बदललं तरी पेशंट मागचाच शब्द धरून बसतो.

मंडळी, ओळखीचं वाटतंय ना? 'मंगळवारी भेटू' म्हणायचं तिथे 'बुधवारी भेटू' म्हणून जातो, ती पहिली जात. घाईत 'कागदपत्रं'ची 'पागदकत्रं' होतात, ती दुसरी. अर्थाचा रस्ता वेगळा आणि ध्वनीचा वेगळा. आपण रोज दोन्हींवरून ये-जा करतो. कधीतरी घसरतो, एवढंच.

एक सावधगिरी मात्र हवी. एखाद्या जागी प्रवाह दिला आणि शब्द अडला, म्हणजे शब्द तिथेच 'राहतो' असं होत नाही. दादरला सिग्नल बिघडला, की कल्याणची लोकल लटकते. म्हणून कल्याणकर दादरला राहतात का? शिवाय ही सगळी माहिती गाठी किंवा फिट्स असलेल्या मेंदूंमधून आली आहे. अशा मेंदूने आपली कामं आधीच थोडी इकडची तिकडे हलवलेली असू शकतात.

घरी मराठी, ऑफिसात इंग्रजी

आता तुमच्या-माझ्या खास जिव्हाळ्याचा प्रश्न. आपण एका भाषेत जगतच नाही. आईशी मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी, बॉसला मेल इंग्रजीत. मग मेंदूत या सगळ्या भाषा एकाच कपाटात असतात की वेगवेगळ्या?

ओजेमन यांनी १९७८ मध्येच, हॅरी व्हिटेकर यांच्यासोबत, दोन भाषा बोलणाऱ्या दोन पेशंट्सवर हे तपासलं होतं. काही जागांवर प्रवाह दिला, की दोन्ही भाषांत नाव अडायचं. काही जागा मात्र अशा, की एका भाषेत अडलं, तरी दुसऱ्या भाषेत तेच नाव सुरळीत यायचं! पुढे २००४ मध्ये सिअॅटलच्याच मंडळींनी दोन भाषा बोलणाऱ्या २५ पेशंट्सची तुलना त्या आधीच्या ११७ एकभाषिकांशी केली. चित्र तेच. काही जागा सामायिक, काही फक्त पहिल्या भाषेच्या, काही फक्त दुसरीच्या.

उलट, प्रत्यक्ष उच्चाराच्या पातळीवर वाटणी फारशी नसावी. सॅन फ्रान्सिस्कोत पक्षाघाताने वाचा गेलेल्या, स्पॅनिश मातृभाषेच्या एका माणसाच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले आहेत. ते प्रवाह देत नाहीत, नुसते ऐकतात. तो बोलायचा प्रयत्न करतो, तेव्हाच्या हालचालींवरून कॉम्प्युटर त्याचं वाक्य स्पॅनिशमध्ये किंवा इंग्रजीत लिहून दाखवतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की जीभ-ओठांना हुकूम देणारा भाग दोन्ही भाषांसाठी बराचसा सारखाच काम करतो.

आता हे सगळं ऑपरेशन टेबलवर आणून बघा. सर्जनने परीक्षा फक्त इंग्रजीत घेतली, तर इंग्रजी वाचेल. पण चिठ्ठी न लागलेल्या एखाद्या चौरस सेंटिमीटरमध्ये मराठीतली नावं असली तर? जागेपणीची ही ऑपरेशन्स आता मुंबईसह भारतातल्या मोठ्या हॉस्पिटलांतही होतात, आणि आपल्याकडे तर दोन-तीन भाषा बोलणं ही साधी गोष्ट. म्हणून ऑपरेशनआधी पेशंटशी बसून ठरवावं लागतं. घरात कुठली भाषा? कामावर कुठली? हिशेब कुठल्या भाषेत करता? जमलं तर प्रत्येक भाषेत परीक्षा घ्यायची. पण पेशंट थकतो. डोकं उघडं असताना तासन् तास चित्रं ओळखत बसणं सोपं नाही. मग क्रम लावावा लागतो.

तुम्ही कुठल्या भाषेला पहिला नंबर द्याल? जिच्यावर पगार मिळतो तिला, की जिच्यात ठेच लागल्यावर 'आई गं' निघतं तिला? हा प्रश्न कॉफीच्या कपावर चर्चेला मस्त आहे. एखाद्या घरात मात्र तो खरोखर विचारला जातो, फॉर्मवर सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी.

हेडसेट घ्यावा का?

* कवटी न उघडताही मेंदूपर्यंत पोचता येतं. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्याबाहेर धरायच्या चुंबकीय कॉइलने मेंदूला चेतवून दाखवलं. प्रयोगशाळेत याने बोलणं क्षणभर अडवताही येतं.
* दुसरा प्रकार म्हणजे डोक्यावर ओले स्पंज लावून एक-दोन मिलीअँपिअरचा सौम्य प्रवाह देणं. २००० मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी दाखवलं, की यामुळे मेंदूची चेतण्याची क्षमता थोडी कमी-जास्त होते. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांना स्पीच थेरपीच्या जोडीला याचा उपयोग होतो का, यावर संशोधन चालू आहे. निकाल संमिश्र आहेत.
* 'हेडसेट लावा, शब्दसंपत्ती वाढवा' अशा जाहिरातींच्या नादी लागू नका. घरच्या घरी बॅटरी जोडण्याचे उद्योग तर अजिबात नकोत.
* अधूनमधून शब्द न आठवणं हा आजार नाही. पण बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'झोपलं की बरं वाटेल' म्हणून थांबू नका.

बाकी, पुढच्या सोमवारी पुन्हा शब्द अडला, तर टेन्शन घेऊ नका. अर्थ पोचलाय, ध्वनी वाटेत आहे, एवढंच समजा. चुटकी वाजवा, हात फिरवा, त्या फुलपाखरूवाल्या पेशंटची आठवण काढा. प्रवाह थांबल्यावर त्याचा शब्द परत आला होता, तुमचाही येईल.

आणि हो, ते कागदाला भोकं पाडतं ना, त्याला 'पंच' म्हणतात. लिहून ठेवा!